सेनापतीचे पथ्य

शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. त्या काळात आयसेनहॉवर हे नाव माझ्या तोंडी वर्षातून दोनदाच यायचे. एकदा दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात, ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हाचे सरसेनापती म्हणून, आणि एकदा शीतयुद्धाच्या धड्यात, अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून. त्यापलीकडे हा माणूस मला ठाऊक नव्हता आणि परीक्षेत कुणी विचारतही नव्हते. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्यांच्या आजारपणाविषयी वाचायला घेतले आणि एका जागी थबकले. एवढा मोठा सेनापती उतारवयात ताटातले काय काय वर्ज्य करीत होता, रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून कसा चिडत होता आणि त्याचे डॉक्टर तो आकडा त्याला कमी करून कसे सांगत होते, हे सारे तिथे होते. थबकले अशासाठी की, तसाच एक आकडा मीही माझ्या घरात कमी करून सांगितला होता. ते पुढे सांगेनच. आधी त्यांची हकिकत.

लोणी-दुधाच्या गावचा मुलगा

ड्वाइट आयसेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० चा, टेक्सासमधल्या डेनिसनचा. बालपण मात्र कॅन्ससमधल्या ॲबिलीन या गावी गेले. घरची परिस्थिती बेताची होती. वडील गावातल्या लोणी-दुधाच्या कारखान्यात कामाला होते आणि पुढे हा मुलगाही काही काळ तिथे राबला. आईने मुलग्यांनाही स्वयंपाकाला लावले होते. तो संस्कार आयुष्यभर टिकला. अध्यक्ष झाल्यावरही स्वयंपाक हा त्यांचा विरंगुळा होता. भाज्यांचे सूप ते अगदी निगुतीने करीत, आणि मांसाचे जाड तुकडे जाळीवर न ठेवता थेट निखाऱ्यांवर टाकून भाजण्याची त्यांची रीत पाहुण्यांत प्रसिद्ध होती. स्वतः खाण्याची आवड आणि दुसऱ्याला खिलवण्याची त्याहून अधिक.

सिगारेटचेही तसेच. दिवसाला चार पाकिटे, म्हणजे ऐंशीच्या घरात सिगारेटी ते ओढत. १९४९ मध्ये प्रकृती बिघडली आणि डॉक्टरांनी सिगारेटी कमी करायला सांगितले, तेव्हा यांनी त्या एकदम सोडूनच दिल्या आणि पुन्हा हात लावला नाही. माणूस कोणत्या जातीचा होता, हे एवढ्यावरून कळते. एकदा ठरवले की ठरवले. आणि रागाचे म्हणाल, तर तो नाकाच्या शेंड्यावर.

२० जानेवारी १९५३ रोजी ते अध्यक्ष झाले तेव्हा वय ६२ होते. वजन तरुणपणी होते जवळपास तेवढेच. गोल्फ नेमाने चाले. रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल १६५, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागे १६५ मिलिग्रॅम. २०० च्या आतला आकडा आजही आपण बरा समजतो. कागदावरून पाहिले तर या माणसाच्या हृदयाची चिंता करण्याचे कारण नव्हते.

डेन्व्हरची रात्र

सप्टेंबर १९५५ मध्ये ते कोलोरॅडोत सुटीवर होते. २३ तारखेला डेन्व्हरला सकाळी थोडे कामकाज आटोपून ते गोल्फला गेले. खेळ रंगात आला की परराष्ट्रमंत्र्यांच्या फोनसाठी बोलावणे यायचे आणि फोन नीट लागायचा नाही. त्यावरून त्यांचा पारा चढला. दुपारी जेवणात हॅम्बर्गर आणि त्यात कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या होत्या. पुढच्या खेळात छातीत जळजळू लागले, तेव्हा दोष कांद्यावर गेला. आपल्याकडे तो वाटाण्यावर किंवा भज्यांवर गेला असता, एवढाच फरक.

मुक्काम सासूबाईंच्या घरी होता. मध्यरात्र उलटल्यावर छातीत जोराची कळ आली. पत्नी मॅमी यांनी खासगी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांना बोलावले. स्नायडर यांनी मॉर्फिन दिले. सकाळी बाहेर सांगितले गेले ते पोट बिघडल्याचे. हृदयाचा आलेख काढला तो दुपारी, आणि तेव्हा हृदयविकाराचा झटका असल्याचे स्पष्ट होऊन त्यांना लष्करी रुग्णालयात नेले. स्नायडर यांनी दुखणे आधीच ओळखले होते की नव्हते, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. पण कळ उठल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत निम्मा दिवस गेला, एवढे खरे.

सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार सहा टक्क्यांहून अधिक कोसळला. त्याच दिवशी बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांपुढे बसून हृदयाच्या धमनीत गुठळी होते म्हणजे काय होते, हे साऱ्या देशाला समजेल अशा भाषेत सांगितले. अध्यक्षांचा शौच साफ झाला, हेसुद्धा सांगून टाकले. काहींना ते असभ्य वाटले. पण त्या एका दिवसात सामान्य अमेरिकन माणसाला हृदयविकाराची जेवढी माहिती झाली, तेवढी आधी कधी झाली नसेल. रोग्याला महिना-महिना अंथरुणावर जखडून ठेवण्याच्या त्या काळात व्हाइट हे हालचालीचे पुरस्कर्ते होते. रक्त गोठू नये म्हणून अध्यक्षांना वॉरफरिन दिले गेले. हेच द्रव्य आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आले होते. हळूहळू त्यांना खुर्चीत बसवले, चालवले, आणि सुमारे सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, ते रुग्णालयातून बाहेर पडले. पुढच्या फेब्रुवारीत व्हाइट यांनी जाहीर केले की, आणखी पाच ते दहा वर्षे हा माणूस कामाचे ओझे पेलू शकेल. त्या वर्षी आतड्याचे ऑपरेशन झाले, तरी नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले.

आकड्याचा ध्यास

इथून पथ्य सुरू झाले. आहारातल्या चरबीचा हृदयविकाराशी संबंध आहे, असे मिनेसोटा विद्यापीठाचे ॲन्सेल कीज त्याच सुमारास हिरिरीने मांडत होते. आयसेनहॉवर यांनी लोणी, साय, अंडी यांच्यावर लष्करी शिस्तीने बंदी घातली. सकाळी साय काढलेले दूध, फळे आणि कॅफिन नसलेली कॉफी. दुपारी जेवण जवळपास नाहीच. वर्षातून दहा-दहा वेळा रक्त तपासले जाई. गंमत अशी की, पथ्य जसे कडक होत गेले तसे कोलेस्टेरॉल वाढत गेले. १९६० मध्ये एकदा चार आठवड्यांत एकच अंडे आणि चीजचा एकच तुकडा खाल्लेला असताना आकडा आला २२३. स्नायडर यांनी त्यांना सांगितला २१७. जानेवारी १९६१ मध्ये, अध्यक्षपद सोडण्याच्या सुमारास, तो २५९ वर पोहोचला होता. त्याच महिन्यात कीज यांचे चित्र टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते.

स्नायडर वाईट डॉक्टर नव्हते. रोग्याहून ते नऊ वर्षांनी मोठे होते आणि त्याचा स्वभाव ओळखून होते. हा माणूस उपाशी राहून चिडतो, चिडला की रक्तदाब चढतो, आणि आकडा ऐकला की आणखी चिडतो. तेव्हा त्याच्या हृदयासाठी थोडे खोटे बोललेले बरे, असा त्यांचा हिशेब असणार. मायेपोटी केलेला हिशेब होता तो. म्हणूनच तो मला इतका ओळखीचा वाटला.

आमच्या घरातला आकडा

माझे वडील, अण्णा, माझ्याकडेच असतात. वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या एका धमनीत स्टेंट बसवला. त्यानंतर त्यांनी पथ्याचा असा धसका घेतला की, वरणभातावरचे तूप गेले, भाजीवरचे खोबरे गेले, अंडी गेली, मग शेंगदाणे गेले आणि शेवटी दूधही गेले. वजन उतरू लागले, सदरे खांद्यावरून ओघळू लागले. रक्त तपासायच्या आधी आठ दिवस तर ते ज्वारीची अर्धी भाकरी आणि पातळ आमटी यांवरच राहत. दोन वर्षांपूर्वी अहवाल आणायला मी गेले. वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते डॉक्टरांना ७० च्या खाली हवे होते. ते आले होते ११२. घरी आले तर अण्णा दारातच उभे. मी म्हणून गेले की, ७२ आहे, उत्तम आहे. त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मला वाटले, पुण्य केले.

महिनाअखेरीस औषधे आणायला निघाले आणि डबा उघडून पाहिला, तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडलेल्या. आकडा चांगला आला म्हणजे गोळीची गरज संपली, असे समजून अण्णांनी ती बंद केली होती. आणखी खोदून विचारले तेव्हा कळले की, पोटऱ्या दुखतात म्हणून ते आधीपासूनच ती एक दिवसाआड घेत होते. मला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. म्हणजे लपवाछपवी दोन्ही बाजूंनी चालली होती, आणि दोन्हीकडे कारण मायेचेच.

डॉक्टरांसमोर आम्ही दोघे गुन्हेगारासारखे बसलो. ते रागावले नाहीत. त्यांनी जे समजावले, ते आयसेनहॉवर यांच्या कहाणीचाही उलगडा करणारे होते.

शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते यकृत तयार करते. आपण कोलेस्टेरॉल कमी खाल्ले की अनेकांचे यकृत ते अधिक बनवून तूट भरून काढते. म्हणून अंडे सोडल्याने होणारा फायदा बहुतेकांत थोडाच असतो. लोणी, तूप, वनस्पती तूप, पामतेल, चरबीयुक्त मांस यांतल्या घट्ट चरबीचा परिणाम त्याहून मोठा असतो. ती कमी करून तिच्या जागी शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांसारखी तेले बेताने वापरावीत, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे वाढवावीत, हे खरे पथ्य. उपाशी राहणे हे पथ्यच नव्हे. सत्तरीनंतर उपासमार केली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, माणूस अशक्त होतो, पडतो, आणि कोलेस्टेरॉल राहते बाजूला.

दुसरे असे की, तोच माणूस, तेच जेवण, तरी आज आणि पंधरा दिवसांनी तपासलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे २२३ आणि २१७ यांत फरक असा नव्हताच! स्नायडर ज्या सहा अंकांसाठी खोटे बोलले, त्यांना काही अर्थच नव्हता. चिडणाऱ्या रोग्याला हेच नीट समजावले असते तर खोटे बोलण्याची वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट अधिक मोठी. त्या वेळी फक्त एकूण कोलेस्टेरॉल पाहत. त्यातले घातक किती आणि उपकारक किती, हे वेगवेगळे मोजण्याची रूढ पद्धत नंतर आली. शिवाय धमनी खराब होते ती एका आकड्यामुळे नव्हे. सिगारेट, रक्तदाब, मधुमेह, वय, आनुवंशिकता या सगळ्यांचा हिशेब एकत्र होतो. १६५ कोलेस्टेरॉल असलेल्या अध्यक्षांना झटका आला, त्यामागे ऐंशी सिगारेटींची ती वर्षे उभी होती. त्यांचा रक्तदाबही मधूनच चढायचा. मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले तेव्हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत सुमारे दीड सेंटिमीटरची एक गाठ सापडली. अशी गाठ रक्तदाब एकाएकी चढवू शकते. साऱ्यांचे डोळे कोलेस्टेरॉलवर खिळले असताना ती आत शांतपणे बसून होती.

जे त्यांना मिळाले नाही

पथ्याने आकडा हलत नाही म्हटल्यावर औषध द्यावे, तर त्या काळी धड औषध नव्हते. नायसिनने कोलेस्टेरॉल उतरते हे १९५५ मध्ये दिसले होते, पण मोठ्या मात्रेत ते घेतले की अंगाची लाही होई. १९६० मध्ये ट्रायपॅरॅनॉल नावाची गोळी अमेरिकेत आली. तिने आकडा उतरायचा, पण डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले, आणि प्राण्यांवरील चाचण्यांतली माहिती दडपल्याचेही उघड झाले. १९६२ मध्ये ती मागे घ्यावी लागली. नुसता आकडा खाली आणणे म्हणजे रोग्याचे भले करणे नव्हे, हा धडा तिने दिला.

खरे औषध जपानमधून आले. अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींचा शोध घेत १९७३ मध्ये एका बुरशीत यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधले. त्याच वर्गातली पहिली गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाली. याच त्या स्टॅटिन गोळ्या. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कॅन्डिनेव्हियातल्या चाचणीत, सुमारे साडेपाच वर्षांत, या गोळीने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २००२ मध्ये ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ माणसांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रॅव्हास्टॅटिन या स्टॅटिनने म्हातारपणीही हृदयविकाराचा धोका कमी झाला होता.

अण्णांना डॉक्टरांनी एवढेच सांगितले की, स्टेंट असलेल्या माणसाचे वय ८१ असले तरी गोळीचा उपयोग आहेच. आकडा खाली असतो तो गोळी चालू आहे म्हणून. ती बंद केली की काही आठवड्यांत तो पुन्हा वर जातो. ज्यांना हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांतले काही नाही आणि वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे, त्यांनी गोळी सुरू करायची की नाही, हे सरसकट ठरवता येत नाही. बाकीचे आजार, ताकद, आधीच चालू असलेल्या गोळ्या आणि माणसाची स्वतःची इच्छा पाहून ते बोलून ठरवायचे असते. पाय दुखले तर ते लगेच सांगायचे. थायरॉइड तपासता येते, मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, जोडीला दुसरी देता येते. अण्णांचे तसेच केले. मात्रा निम्मी झाली, सोबत एझेटिमिब आले आणि पोटऱ्या थांबल्या.

अखेरची वर्षे

नोव्हेंबर १९५७ मध्ये आयसेनहॉवर यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. काही काळ शब्द सापडेनात. तरी दोन वर्षांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, हा ६९ वर्षांचा माणूस अकरा देशांच्या दौऱ्यावर निघाला. त्यात भारतही होता. अमेरिकेचा अध्यक्ष पदावर असताना आपल्याकडे येण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीत रस्त्यारस्त्यांवर माणसांचा पूर लोटला होता. रामलीला मैदानावर त्यांनी सभा घेतली, आग्ऱ्याला जाऊन ताजमहाल पाहिला. चार वर्षांपूर्वी ज्याच्या पुन्हा उभे राहण्याची शंका होती, तो माणूस उघड्या मोटारीतून हात हलवीत होता. त्यात लोण्याशिवायच्या न्याहारीचा वाटा किती होता कोण जाणे, पण सोडलेल्या सिगारेटीचा, चालत्या पायांचा आणि कामात गुंतलेल्या मनाचा नक्कीच होता.

निवृत्तीनंतर ते पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या आपल्या शेतावर राहिले. लिहिणे, चित्रे काढणे, गोल्फ हे चालू होते. १९६५ मध्ये हृदयविकार पुन्हा उसळला, १९६८ मध्ये एकामागून एक झटके आले, आणि २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पहिल्या झटक्यानंतर साडेतेरा वर्षे ते जगले. व्हाइट यांनी जाहीरपणे दिलेली मुदत त्यांनी पार केली होती.

या दोन डॉक्टरांचा मी पुष्कळ विचार केला. एकाने साऱ्या देशाला खरे सांगितले, अगदी शौचापर्यंत. दुसऱ्याने एका माणसापासून सहा अंक लपवले. दोघांचाही हेतू चांगलाच होता. पण खरे ऐकलेल्या देशाला धीर आला, आणि खोटे ऐकलेला तो एक माणूस अर्धपोटी चिडत राहिला. म्हाताऱ्या माणसांना सत्य सोसत नाही, हा आपला, मुलाबाळांचा समज असतो. त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक सोसलेले असते.

ही सारी हकिकत मी एका संध्याकाळी अण्णांना सांगितली. स्नायडर यांच्या त्या सहा अंकांपाशी आले तेव्हा माझा आवाज थोडा उतरला असावा. अण्णा काही बोलले नाहीत. उठले, कपाटातून त्यांच्या अहवालांची फाइल काढली आणि माझ्याकडचा चष्मा मागून घेतला. आता रक्ताचा अहवाल ते स्वतः आणतात, तारीख घालून आकडा वहीत लिहितात. शेवटचा ६४ आहे. आणि वरणभातावर चमचाभर तूप घेतात, तेही मोजून.